मुख्य कथा अर्धवट राहिली तरी मन का भरते? (विशाल काल्पनिक जगांतले ओपन वर्ल्ड खेळ)

मुशाफिर (धागाकर्ता)

स्कायरिम या खेळाच्या सुरुवातीला हेल्गेन गाव जळून जाते, आपण भुयारातून बाहेर पडतो आणि सोबतचा माणूस चालता चालता समोरच्या डोंगरावरच्या एका पडक्या वास्तूकडे लक्ष वेधतो. तिचे नाव ब्लीक फॉल्स बॅरो. थोड्याच वेळात कळते की तो डोंगर म्हणजे मागे टांगलेला पडदा नाही. वाट वाकडी केली तर तिथवर चढून जाता येते, बर्फातल्या त्या काळ्या कमानींखाली उभे राहता येते, आणि तिथून खाली पाहिले की आपण जी वाट धरायला हवी होती ती नदीकाठाने रिव्हरवुडकडे गेलेली दिसते.

या प्रकारच्या आरपीजी (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या) खेळांची ओढ मला प्रामुख्याने याच गोष्टीत दिसते. जे दिसते ते गाठता येते आणि गाठायचे की नाही हे आपले आपण ठरवतो. परंतु त्यातूनच एक प्रश्न उभा राहतो. या खेळांच्या मुख्य कथा विलक्षण तातडीच्या असतात. स्कायरिममध्ये जगाचा घास घ्यायला निघालेला अल्डुइन हा ड्रॅगन आहे, ऑब्लिव्हियनमध्ये क्वाचच्या वेशीसमोर आगीचे दार उघडले आहे, विचर ३ मध्ये पोटच्या मुलीसारख्या सिरीच्या मागे शिकारी लागले आहेत. आपण मात्र फुलपाखरांचे पंख गोळा करत दुसऱ्याच खोऱ्यात रमलेले असतो. वर्षानुवर्षे स्कायरिम खेळूनही अल्डुइनचा निकाल न लावलेले कितीतरी जण मला माहीत आहेत, आणि खेळ अपुरा राहिला असे त्यांच्यापैकी कोणालाही वाटत नाही. कादंबरी मधेच सोडली तर चुटपुट लागते. ती इथे का लागत नाही? ही रचनेतली उणीव आहे, की या खेळांचे सारे बळच त्यात आहे?

कोणता खेळ श्रेष्ठ याची यादी करण्यापेक्षा ओढ नेमकी कशाची आहे, यावर सविस्तर लिहावे ही विनंती.

निशाचर

माझ्या मते उणीव मुळीच नाही. जगबुडी थांबवायचे काम बाजूला ठेवून डोंगरापलीकडे काय आहे ते पाहायला जाता येते, म्हणूनच ते जग खरे वाटते.

गवताळ

ब्रेथ ऑफ द वाइल्डने (२०१७) हा पेच मुळापासून सोडवला आहे असे मला वाटते, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

खेळ एका उंच पठारावर सुरू होतो. सर्व बाजूंना कडे असल्यामुळे पॅराग्लायडर मिळेपर्यंत तिथून उतरता येत नाही. तेवढ्या वेळात चढणे, थंडीपासून बचाव करणे, गवताला आग लावून वर उठणाऱ्या हवेच्या झोतावर तरंगणे अशा सगळ्या गोष्टी आपण शिकतो. पठाराच्या कडेवर उभे राहिले की दूरवर हायरूलचा किल्ला आणि त्याला वेढून बसलेला खलनायक गॅनन दिसतो. मुख्य काम एवढेच आहे, त्याला संपवायचे. पॅराग्लायडर मिळाल्याच्या पुढच्या क्षणी कोणी थेट किल्ल्यावर चालून गेला, तरी खेळ त्याला अडवत नाही. बहुतेकांचा तिथे पाडाव होतो, हा भाग वेगळा.

त्यामुळे इतरत्र केलेली प्रत्येक भटकंती आपोआप तयारी ठरते. १२० देवळ्यांपैकी काहींतली कोडी सोडवली की अंगात बळ येते, चार दिव्य यंत्रपशू सोडवले की गॅननची शक्ती घटते. तिथे आपण कर्तव्य टाळत नसतो. अजून सज्ज नाही, हे ओळखून वळसा घेतलेला असतो.

दुसरी गोष्ट भूरचनेची. या खेळाच्या रचनाकारांनी २०१७ मध्ये जपानच्या सीईडीईसी या खेळनिर्मात्यांच्या परिषदेत त्रिकोणांचे तत्त्व मांडले होते. टेकडी त्रिकोणी ठेवली की ती मागचे काहीतरी झाकते, आणि खेळणाऱ्यापुढे चढून जायचे की वळसा घालायचा हा प्रश्न उभा राहतो. दोन्हीकडून जाताना झाकलेली गोष्ट हळूहळू उघड होते, आणि तिथवर पोचेपर्यंत पुढची टेकडी आणखी काही झाकून उभी असते. धाग्यात उल्लेखलेली ओढ अशी एकेका उतारात मोजूनमापून पेरलेली असते.

कथेकरी

मी मुशाफिर यांच्या मूळ गृहीतकाशीच असहमत आहे. मोकळे जग हे या खेळांचे भांडे आहे, त्यातला रस कथेचाच आहे. विचर ३ (२०१५) मधला ब्लडी बॅरन आठवा. सिरीचा ठावठिकाणा हवा असेल तर आधी त्याची हरवलेली बायको आणि मुलगी शोधून द्यायची, असा सौदा होतो. शोध घेताना उलगडत जाते की हा माणूस दारूच्या नशेत बायकोला मारत असे, त्यातच तिचा गर्भ गेला, आणि ते अर्भक कोणतेही संस्कार न करता पुरल्यामुळे पिशाच्च होऊन परतले आहे. त्याला तलवारीने संपवता येते. दुसरा मार्ग असा की बापाने त्याला स्वतःच्या हातांत उचलून, रात्रीच्या पावसापाण्यात घराच्या उंबरठ्यापर्यंत न्यायचे, नाव द्यायचे आणि तिथेच पुरायचे. वाटेत ते चवताळू लागते, तेव्हा खेळाचा नायक गेराल्ट याने जादूचे चिन्ह टाकून त्याला शांत करायचे. ज्या माणसाचा आपल्याला तिटकारा आलेला असतो, त्याच्याच शेजारून आपण जपून चालत असतो. हा सारा प्रसंग मुख्य कथेतला आहे.

याउलट त्याच खेळात स्केलिग बेटांभोवतीच्या समुद्रात नकाशावर विखुरलेली प्रश्नचिन्हे पाहा. होडी घेऊन जा, वर घिरट्या घालणाऱ्या सायरन मारा, तस्करांच्या पेट्या उघडा, पुढच्या चिन्हाकडे वळा. मोकळीक तिथे पुरेपूर आहे, परंतु मला तरी तिथे कसलीच ओढ वाटली नाही.

जुनाजाणता

कथेकरी, बॅरनच्या प्रसंगाबद्दल आपल्याशी शंभर टक्के सहमत आहे. मात्र तो प्रसंग एवढा भिडतो त्याला वेलेन हा प्रदेश कारणीभूत आहे. त्याआधी तुम्ही त्या दलदलीतून हिंडलेले असता, झाडांना लटकलेली प्रेते पाहिलेली असतात, उपाशी गावांतून गेलेले असता. तोच बॅरन एखाद्या बंदिस्त, सरळसोट खेळात भेटला असता तर तो इतका जड झाला नसता.

आता मूळ प्रश्नाविषयी. मुशाफिर, तुमच्या प्रश्नाचे एक उत्तर २००२ मध्येच दिले गेले होते. मॉरोविंड या स्कायरिमच्याच मालिकेतल्या खेळात आपण कैदी म्हणून सेडा नीनच्या धक्क्यावर उतरतो. हातात एक पुडके आणि एक पत्ता मिळतो: बालमोरा शहरातल्या कायस कोसाडेस या हेरप्रमुखाला भेट. तो सापडला की वाटते, आता कथा सुरू झाली. तो मात्र सांगतो की तू अजून अगदीच नवखा आहेस, आधी एखाद्या संघात शीर, मिळतील ती कामे कर, स्वतःसाठी एक ओळख तयार कर आणि मग ये. मुख्य कथाच तुम्हाला मुख्य कथेपासून दूर पाठवते, आणि तेही पटण्याजोग्या कारणाने, कारण हेराला आवरण लागतेच.

त्या खेळात नकाशावर बाण नव्हता. लोक तोंडी वाट सांगत, ती रोजनिशीत उतरवली जाई, आणि मग ‘पूल ओलांडून उत्तरेकडे वळा, दोन खडकांमधून डावीकडची वाट धरा’ अशा वर्णनांवरून ठिकाण हुडकावे लागे. दूर जायचे तर सिल्ट स्ट्रायडर नावाच्या प्रचंड किड्याच्या पाठीवरून, बोटीने किंवा जादूगारांच्या संघातून ठरावीक गावी जाता येई, उरलेले अंतर पायी तोडायचे. त्यामुळे त्या बेटावरचे रस्ते मला आजही तोंडपाठ आहेत.

सेडा नीनहून थोडे पुढे गेल्यावर आकाशातून किंकाळी ऐकू येते आणि एक जादूगार धाडकन समोर पडून मरतो. त्याच्याजवळ उडीच्या मंत्राच्या गुंडाळ्या आणि एक टिपणवही सापडते. तो मंत्र म्हणून उडी मारली की आपण ढगांत जातो, अर्धे बेट पायांखालून सरकते, आणि खाली येईपर्यंत लक्षात येते की मंत्रात उतरण्याची काहीच सोय केलेली नाही. हा प्रसंग कुठल्याही क्वेस्टचा, म्हणजे खेळाने नेमून दिलेल्या कामाचा, भाग नाही. बहुतेक जण त्या उडीत जीव गमावतात. ज्याला जमिनीवर आदळण्याच्या आत दुसरी गुंडाळी वाचायचे सुचते तो वाचतो, आणि हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

नकाशावेडा

विस्तार हीच ओढ असती तर याच मालिकेतला डॅगरफॉल (१९९६) सर्वांत लाडका ठरला असता. त्याचा भूभाग सुमारे १,६०,००० चौरस किलोमीटर आहे, आणि गावे, देवळे, तळघरे मिळून ठिकाणांची संख्या १५,०००च्या घरात जाते. हे सगळे हाताने घडवणे शक्यच नव्हते. गणिती नियमांनी ते आपोआप रचले गेले, त्यामुळे एक गाव पाहिले की पुढची शेकडो गावे पाहिल्यात जमा. दोन गावांच्या मधल्या जमिनीवरून पायी जाणारा खेळाडू जवळजवळ नसतोच, कारण मध्ये थांबावे असे काहीच नाही. मॉरोविंडचे बेट त्यापुढे नखाएवढे आहे, परंतु ते हाताने घडवलेले आहे आणि म्हणूनच लोकांच्या लक्षात राहिले.

धाग्याशी थेट संबंध असलेला मुद्दा असा की डॅगरफॉलमध्ये अनेक कामांना मुदत होती. दिवस उलटले की काम हातचे जाई. म्हणजे तातडी खरी असणारे खेळ होऊन गेले आहेत. नंतरच्या खेळांनी मुदत जवळजवळ काढूनच टाकली. माझ्या मते लोकांनी तातडी नाकारून भटकण्याच्या बाजूने कौल दिला, असाच याचा अर्थ होतो.

खडतर

आतापर्यंतच्या चर्चेत एक मुद्दा सुटला आहे. जग मोठे असो वा लहान, ते माझ्यासाठी वाकता कामा नये.

जर्मनीत घडलेला गॉथिक (२००१) आकाराने लहान आहे. जादूच्या भिंतीआड कोंडलेली कैद्यांची वसाहत, एवढेच त्याचे जग. परंतु तिथे चुकीच्या दिशेने गेलात तर पहिलाच प्राणी तुम्हाला लोळवतो. तलवारीचे शिक्षण घेतलेले नसेल तर नायक एका हाताची तलवारसुद्धा दोन्ही हातांनी, अडाण्यासारखी धरतो. गुरूकडे शिकून आल्यावर त्याची पकड बदलते, पावले बदलतात, आणि कालपर्यंत ज्या वाटेवरून पळून जात होतो तिथे आपण ताठ मानेने उभे राहतो. त्या वाटेवरचे प्राणी जसेच्या तसे राहिलेले असतात. बदल आपल्यात झालेला असतो आणि तो आपल्याला अंगात जाणवतो.

ऑब्लिव्हियनमध्ये (२००६) नेमके उलटे केले गेले. आपली लेव्हल वाढली की सारे जगही सोबत वाढते. काही काळाने रस्त्यावरचे फाटके लुटारूसुद्धा दुर्मीळ काचेची चिलखते घालून समोर येतात आणि चिल्लर नाण्यांसाठी अडवतात. त्या क्षणी माझे त्या जगावरचे मन उडाले. कुठेही जायला मोकळीक आहे खरी, परंतु सगळीकडे धोका सारखाच असेल तर कुठेही जाण्याला अर्थ उरत नाही.

म्हणूनच एल्डन रिंगने (२०२२) दाराबाहेर पाऊल टाकताच सोनेरी चिलखतातला घोडेस्वार, ट्री सेंटिनेल, समोर उभा केला याचे मला मनापासून कौतुक वाटते. त्याच्याशी लढलेच पाहिजे असे कोणी म्हणत नाही. बाजूने सरकून जा, जग पाहा, घोडा मिळव, मग परत ये, हे त्याच्या तिथे असण्यातूनच कळते.

दीपमाळ

खडतर यांनी एल्डन रिंगचा विषय काढला म्हणून एक जागा सांगते. लिमग्रेव्हच्या पूर्वेच्या रानात एक पडकी विहिरीसारखी इमारत आहे आणि आत एक पाळणा (लिफ्ट) आहे. पाळणा खाली निघतो, उतरत राहतो, इतका वेळ उतरत राहतो की काहीतरी बिघडले असावे अशी शंका येऊ लागते. मग भिंत संपते आणि जमिनीच्या पोटात तारे चमकत असलेले आभाळ दिसते. त्याखाली एक अख्खी नदी, खांबांच्या रांगा, पूर्वजांची भुते. नकाशावर तोपर्यंत या प्रदेशाचे नावही नसते. तो खेळ नकाशाचा पूर्ण आकार सुरुवातीला दाखवतच नाही, जसजसे पुढे जावे तसतशा त्याच्या कडा मागे सरकत जातात. ज्या जगाची हद्द माहीत नाही तिथेच अशी जागा अवचित सापडू शकते.

समिधा

सर्वांचे अनुभव वाचून आनंद झाला, तरीही दुसरी बाजू मांडणे मला गरजेचे वाटते. या खेळांतली बरीचशी ‘ओढ’ म्हणजे अपुरे राहिलेले काही पुरे करण्याची टोचणी असते. मनोरा चढा, नकाशा उघडा, पन्नास चिन्हे उमटली, आता ती एकेक करून पुसा. स्कायरिम काही कामे तर स्वतःच, न संपणाऱ्या क्रमाने, तयार करत राहतो. अमुक गुहेतले लुटारू मार, मग तमुक गुहेतले मार. आपण स्वेच्छेने भटकत आहोत असे वाटते, परंतु हातात दिलेली यादीच आपण पुरी करत असतो. ज्यांना थांबणे जड जाते त्यांच्यासाठी ‘कधीच न संपणारे जग’ ही जाहिरातीतली थोरवी नसून धोक्याची सूचना आहे, आणि याबद्दल खेळाडूंनी आपसांत मोकळेपणाने बोलले पाहिजे.

मनोव्यापार

समिधाताईंचा मुद्दा महत्त्वाचा आहे. त्याला जोडून एका अभ्यासाचा उल्लेख करतो. रिचर्ड रायन, स्कॉट रिग्बी आणि अँड्र्यू प्रिझिबिल्स्की यांनी २००६ मध्ये व्हिडिओ गेमच्या ओढीवर संशोधन प्रसिद्ध केले. खेळाचा आनंद आणि पुन्हा खेळावेसे वाटणे यांचा संबंध तीन मानसिक गरजांशी त्यांना आढळला: आपण स्वतः निवड करतो आहोत ही जाणीव, आपल्याला जमते आहे ही जाणीव, आणि इतरांशी जोडलेपण.

या कसोटीवर चर्चेतली उदाहरणे लावून पाहिली तर दिसते की खडतर यांच्या गॉथिकमध्ये ‘जमते आहे’ ही जाणीव प्रबळ आहे आणि जुनाजाणता यांच्या मॉरोविंडमध्ये निवडीची. चिन्हांच्या यादीत दोन्ही क्षीण होतात, कारण कुठे जायचे ते नकाशाने आधीच ठरवलेले असते आणि तिथे गेल्यावर करायचे काम आपल्याला केव्हाचेच जमत असते. तेव्हा टोचणी आणि ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच खेळात दोन्ही असू शकतात आणि चांगला खेळाडूसुद्धा त्यांत घोळ करू शकतो.

कवडसा

मी सहसा फक्त वाचक असतो, परंतु इथे लिहावेसे वाटले. माझे चालणे आजारपणामुळे फार मर्यादित आहे. स्कायरिममध्ये आयव्हरस्टेड गावातून हाय ह्रॉथगारला जाणारी सात हजार पायऱ्यांची वाट आहे (प्रत्यक्षात खेळात तेवढ्या पायऱ्या नाहीत). मी ती घाई न करता, चालण्याच्या गतीने चढतो. वाटेत कोरीव मजकुराच्या दहा शिळा आहेत, प्रत्येकीपाशी थांबून वाचतो. पायथ्याचा क्लिमेक नावाचा गृहस्थ वरच्या साधूंना शिधा पोचवत असतो, आता त्याचे पाय थकले आहेत, म्हणून त्याचे पोते मी वर नेतो. वर पेटीत शिधा ठेवायचा, एवढेच ते काम. माझ्यासाठी त्या खेळातले सर्वांत मोलाचे काम तेच आहे.

नॉर्वेचे माट्स स्टीन यांच्याविषयी अनेकांनी वाचले असेल. ड्युशेन स्नायुविकाराने ते २०१४ मध्ये वयाच्या २५व्या वर्षी गेले. त्यानंतर त्यांच्या आईवडिलांना कळले की वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात इबेलिन या नावाने वावरणाऱ्या आपल्या मुलाचा किती मोठा मित्रपरिवार होता. त्यातले काही जण दुसऱ्या देशांतून अंत्यसंस्काराला आले. समिधाताई, आपल्या इशाऱ्याचा मी आदर करतो. फक्त एवढेच सांगायचे आहे की ‘तिथे वेळ वाया जातो’ हे वाक्य प्रत्येकाच्या बाबतीत खरे नसते.

समिधा

कवडसा, तुम्ही लिहिलेत याबद्दल मनःपूर्वक आभार. माझा रोख यादीच्या सक्तीवर होता, भटकण्यावर नव्हता. क्लिमेकचे पोते कोणत्याही यादीत बसत नाही, हे अगदी मान्य.

यंत्रज्ञ

मुख्य कथा आपली वाट पाहत का थांबते, याला तांत्रिक कारणही आहे. स्कायरिमची मोकळी जमीन चौकोनी तुकड्यांत विभागलेली आहे. आपल्याभोवतीचे पाच बाय पाच तुकडे तेवढे पूर्ण तपशिलासह जिवंत असतात. त्यापलीकडचे डोंगर म्हणजे कमी तपशिलाच्या प्रतिकृती असतात, तिथल्या माणसांचा हिशेब अगदी ढोबळपणे ठेवला जातो. क्वेस्ट म्हणजे टप्प्यांची मालिका, आणि पुढचा टप्पा आपल्या कृतीनेच लागतो. दिनदर्शिका पुढे सरकते, दिवसरात्र होते, दुकानदार झोपायला जातात, परंतु ड्रॅगनची चाल आपण त्या विशिष्ट माणसाशी बोलेपर्यंत पुढे सरकत नाही. सगळे जग एकाच वेळी खऱ्या अर्थाने चालू ठेवणे यंत्राला झेपणारे नव्हते.

अशा मर्यादा खेळाच्या नियमांतही उतरतात. मॉरोविंडमध्ये हवेत तरंगण्याचा मंत्र होता, ऑब्लिव्हियनमध्ये तो नाही. ऑब्लिव्हियनची शहरे बाहेरच्या जगापासून अलग ठेवलेली आहेत आणि वेशीचे दार उघडले की स्वतंत्रपणे लोड होतात. तरंगत तटावरून आत डोकावणाऱ्याला खरे शहर दिसलेच नसते. मुशाफिर यांनी म्हटलेले ‘जे दिसते ते गाठता येते’ हे वचन पाळण्यासाठी कधी कधी एखादी ताकद काढून घ्यावी लागते.

गवताळ

यंत्रज्ञ यांचा प्रतिसाद वाचून फास्ट ट्रॅव्हलचा विचार आला. वाटेल तिथून वाटेल तिथे क्षणात जाण्याची सोय दिली की मधली जमीन, रचनाकारांनी कितीही जीव ओतून घडवलेली असो, खेळाडूसाठी नाहीशी होते. विचर ३ ने दिशादर्शक खांबापासून खांबापर्यंतच ती सोय ठेवली, हा शहाणपणाचा मध्यम मार्ग आहे. ड्रॅगन्स डॉग्मा २ (२०२४) आणखी पुढे गेला. तिथे बैलगाडीत बसून ठरावीक शहरांमध्ये जाता येते, डुलकी काढली की प्रवास झटकन सरतो, परंतु मध्येच हल्ला झाला तर जागे होऊन लढावे लागते, आणि कधी ग्रिफिन नावाचा उडता राक्षस झडप घालून गाडीचाच चुराडा करतो. मग रात्र अनोळखी रानात काढावी लागते. त्या रात्री जे घडते ते लिहून ठेवलेल्या क्वेस्टपेक्षा जास्त लक्षात राहते.

कथेकरी

फास्ट ट्रॅव्हल सरसकट वाईट, हे मला पटत नाही. दिवसाकाठी थोडाच मोकळा वेळ मिळणाऱ्याला ती सोय नसेल तर कथा पुढे सरकणारच नाही. सोय असावी, वापरणे न वापरणे ज्याच्या त्याच्याकडे.

जुनाजाणता

कथेकरी, अडचण अशी की सोय गृहीत धरली की बाकीची रचनाही बदलते. स्कायरिममध्ये बाण बंद करून खेळायचा प्रयत्न केला तर रोजनिशीत बहुतेक वेळा दिशेचा पत्ताच नसतो, कारण बाण आहेच असे धरून ती लिहिलेली आहे. त्यामुळे न वापरण्याचे स्वातंत्र्य नावापुरतेच राहते.

नकाशावेडा

थोडेसे अवांतर, परंतु जगावर जीव जडणे म्हणजे काय ते यातून दिसेल. मॉरोविंड प्रांताचे फक्त एक बेट मूळ खेळात होते. उरलेला मुख्य भूभाग टॅम्रिएल रिबिल्ट या प्रकल्पाचे स्वयंसेवक गेली वीसहून अधिक वर्षे मॉड (चाहत्यांनी खेळात घातलेली भर) म्हणून घडवत आहेत. एकेक प्रदेश तयार करून, तपासून ते प्रसिद्ध करतात. त्यात गावे आहेत, संवाद आहेत, शेकडो कामे आहेत. सुरुवातीचे अनेक जण बाजूला झाले, नवे आले, काम चालू आहे.

मुशाफिर (धागाकर्ता)

अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक मिळाले, सर्वांचे आभार. यंत्रज्ञ यांच्यामुळे कथा का थांबते ते कळले. परंतु ती थांबलेली असताना आपल्याला चुटपुट का लागत नाही, हे अजून उरतेच. आपल्या प्रत्येक भटकंतीला तयारीचे निमित्त मिळते असे गवताळ म्हणतात, परंतु स्कायरिममध्ये तेही निमित्त नाही आणि तरीही मन स्वस्थ असते.

कथेकरी

मुशाफिर, हा धागा वाचता वाचता माझे मत थोडे पुढे गेले आहे. मला विचर ३ मध्ये चुटपुट लागते, खरोखर लागते. सिरी संकटात असताना गेराल्ट पत्त्यांचा ग्वेंट खेळत बसला की मला अवघडल्यासारखे होते, कारण गेराल्ट हा आधीपासून घडलेला माणूस आहे आणि तो कशाची काळजी करेल हे मला ठाऊक आहे. स्कायरिमच्या नायकाला पूर्वायुष्यच नाही. गाडीतून उतरताना त्याचे नाव, वंश, चेहरा सगळे मी ठरवतो. त्याला ड्रॅगनची फिकीर आहे असे मी कधी ठरवलेलेच नसेल, तर त्याने ते काम टाळले असे कसे म्हणता येईल? त्याची कथा मी त्याला ज्या वाटेने नेले तीच. ती पूर्ण झालेली असते, म्हणून अपुरेपण वाटत नाही.

दीपमाळ

कथेकरींचे म्हणणे मला अगदी पटले. शर्ली करी या अमेरिकन आजींचे उदाहरण द्यावेसे वाटते. त्यांचा जन्म १९३६ चा. त्यांनी वर्षानुवर्षे स्कायरिम खेळतानाचे व्हिडिओ सादर केले, आणि प्रेक्षकांना त्या नातवंडे म्हणत. आपल्या पात्रांना त्यांनी स्वभाव दिले, सोबत्यांशी त्या बोलत, बरोबरच्यांपैकी कोणी मेले तर हळहळत. मालिकेच्या पुढच्या खेळात त्यांचे पात्र असेल असे निर्मात्यांनी २०१९ मध्ये जाहीर केले. लिहून दिलेली कथा त्या पाहत होत्या असे म्हणवत नाही, त्या स्वतःची रचत होत्या.

खडतर

मला यात एवढीच भर घालायची आहे की कथा आपण रचायची तर जगाने विरोध केला पाहिजे. मी म्हणेन तसेच सर्वत्र घडले तर ती कथा होत नाही.

पहिलटकर

मी हा प्रकार अजून खेळलेलाच नाही. आजवर फक्त शर्यतींचे आणि कोड्यांचे खेळ खेळले. हा धागा वाचून उत्सुकता फार वाढली आहे. सुरुवात कुठून करावी? मॉरोविंडची वर्णने सर्वांत आवडली, पण जुना खेळ झेपेल का?

गवताळ

ब्रेथ ऑफ द वाइल्डने सुरुवात करा. सेटिंगमध्ये पडद्यावरची माहिती कमी करण्याची ‘प्रो’ नावाची सोय आहे, ती पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. कोपऱ्यातला छोटा नकाशा गेला की नजर आपोआप क्षितिजाकडे जाते.

जुनाजाणता

पहिलटकर, मॉरोविंडच आवडला असेल तर थेट तोच घ्या, धीर तेवढा धरा. तिथे तलवार समोरच्याच्या अंगातून आरपार गेलेली दिसते आणि तरीही वार चुकतो. नवे खेळाडू इथेच वैतागून सोडून देतात. वार लागणे हे त्या हत्यारातल्या तुमच्या कौशल्यावर आणि हिरव्या पट्टीवर, म्हणजे उरलेल्या दमावर अवलंबून असते. पळत गेलात की ती पट्टी रिकामी होते. म्हणून पात्र घडवताना जे हत्यार मुख्य कौशल्य म्हणून निवडाल तेच हातात ठेवा, शत्रू दिसला की पळणे थांबवा, पट्टी भरू द्या आणि मग चालत जा. सेडा नीनमधून निघताना बालमोराला थेट सिल्ट स्ट्रायडरने जाता येते, परंतु पहिल्या खेपेला पायीच जा.